छोट्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊ का?

प्रश्न: ताई, मी तासगावचा. सीईटीचा स्कोअर बघता सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर लागणार नाही. घरचे पुण्याला जा म्हणतात पण होस्टेल-मेसचा खर्च झेपणारा नाही. जवळच्या छोट्या कॉलेजात सीएस घेतलं तर चालेल का?

उत्तर: अरे चालेल की, फक्त कॉलेज स्वतः बघून घे. वालचंद १९४७ पासूनचं, तिथं चुरस असणारच, त्याचं मनाला लावून घेऊ नको. छोट्या कॉलेजात सर पोरांना नावानं ओळखतात, प्रोग्राम अडला तर शेजारी बसून एरर शोधून देतात, पण सगळीकडेच असं असतं असं नाही म्हणून सांगते, एकदा चालू दिवशी एसटीनं जा आणि सरळ लॅब बघ. भाचीसोबत मी साताऱ्याकडच्या एका कॉलेजात गेले होते, अर्ध्या मशीनवर प्लास्टिकची कव्हरं आणि त्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ, आणि पोरं फळ्यावरचा प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवत होती! तिथं नाहीच घेतलं आम्ही. थर्ड इयरच्या पोरांना कँटीनमध्ये गाठून विचार, डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम कोण शिकवतं, सर दर सेमिस्टरला बदलतात का. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्था; नॅकची ग्रेड अख्ख्या कॉलेजची असते, एनबीएची मान्यता त्या-त्या कोर्सला मिळते, तर ती कॉम्प्युटरला आहे का तेवढं बघ. आणि हे सगळं ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, भरायच्या आधी कर, कारण कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्याच राउंडला एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट फ्रीझ होते, मग पुढच्या राउंडला बदलता येत नाही.