पार्किंगची जागा पाण्याला द्या

प्रश्न: विनाड्रायव्हर शेअर बस आल्या की रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील म्हणतात. पण तुंबलेल्या पाण्यात ड्रायव्हर निदान अंदाज घेतो, मशीनला ते कसं जमणार? आणि रस्ता नव्याने करायचाच तर काय बदलायचं?

उत्तर: अंदाजाचं म्हणाल तर तो माणसालाही जमत नाही हो. गढूळ पाणी चार बोटं आहे की गुडघाभर हे वरून कळतच नाही, आणि वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत तर मोठ्या गाड्याही वाहून जातात. बसचा कॅमेरा आणि लायडारही (लेझर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र) पाण्याच्या वरच्या थरालाच फसतात, तळ दिसत नाही. म्हणून खोली रस्त्यानेच बसला सांगायला हवी, म्हणजे प्रत्येक सखल जागी आणि अंडरपासमध्ये पातळी मोजणारे सेन्सर लावायचे आणि बस तिथे पोचायच्या आत तिचा रूट बदलायचा. सेन्सर बंद पडला तर रस्ता बंदच समजायचा, यात तडजोड नको.

मला जास्त आस आहे ती गाड्या कमी झाल्यावर मोकळ्या होणाऱ्या पार्किंगच्या जागेची. पाऊस सुरू झाल्यावर कडेला उभ्या गाडीखाली वाकून बघा, गटाराची जाळी नेमकी तिथेच असते, पानं आणि प्लास्टिकने गच्च, कारण झाडूवाल्याचा हातच पोचत नाही. आता एका गाडीची जागा धरा अडीच बाय पाच मीटर, ती फूटभर खोल केली तर पावणेचार हजार लिटर पाणी मावतं (माती-झाडं भरली की कमी, पण ते मुरत राहतं). अशा शंभर जागा ओळीने असल्या तर विचार करा! डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराने २०११ च्या ढगफुटीनंतर हाच मार्ग धरला, २०१२ च्या त्यांच्या प्लॅनमध्ये काही रस्ते मुद्दाम असे आखलेत की जास्तीचं पाणी घरात न शिरता रस्त्यावरूनच बंदराकडे जावं.

बसची लेन आणि स्टॉप मात्र उंचावर घ्या, स्टॉपला पायरी नको, उतार हवा, व्हीलचेअरवाल्याला पाण्यात उतरावं लागू नये.

एक भीती आहे. गाड्या शेअर न होता एकेकट्याच रिकाम्या फिरत राहिल्या तर ट्रॅफिक उलट वाढेल आणि मोकळी झालेली जागा परत लेनमध्ये जाईल. त्यामुळे जागा मोकळी होताक्षणी खोदून झाडं लावून टाका. आणि खड्ड्यातलं पाणी एक-दोन दिवसांत मुरलं पाहिजे, नाहीतर डास होतात, माती चिकण असेल तर खाली भोकांचा पाइप टाकाच.