डॉक्युमेंटेशनचं काम घेतलं तर डेव्हलपर म्हणून माझी किंमत उतरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षं बॅकएंडवर काम केलंय, आता एक्सएमपीपीसारख्या खुल्या मेसेजिंग प्रोटोकॉलच्या (संदेश देण्याघेण्याच्या ठरलेल्या नियमांच्या) प्रकल्पात शिरायचंय, पण तिथले लोक म्हणतात आधी डॉक्युमेंटेशन सुधार. ते घेतलं तर किंमत उतरेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

उतरणार नाही. खरं तर एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हेच वाक्य मला एकदा भर मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं होतं, फक्त त्यात प्रश्नचिन्ह नव्हतं. त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

तेव्हा मी एका कंपनीत चॅटच्या ॲपवर होतो. सर्व्हर तयार घेतलेला होता, ईजॅबरडी. क्लायंटच्या लायब्ररीतला कनेक्शनचा भाग माझ्याकडे होता, म्हणजे मुख्यतः एक्सईपी-०१९८, स्ट्रीम मॅनेजमेंट (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीला जोडलेलं, क्रमांक दिलेलं एकेक पुरवणी-प्रकरण). नेटवर्क तुटून परत आलं की कुठले संदेश पलीकडे गेले आणि कुठले पुन्हा पाठवायचे, ते या भागाला ठरवावं लागतं. 'आर' पाठवून विचारायचं, उत्तरात 'ए' येतो, त्यात 'एच' नावाचा आकडा असतो, आतापर्यंत किती हाती आले त्याचा. त्या मोजणीत मी जीव ओतला होता. मोजायचे फक्त मेसेज, प्रेझेन्स (हजेरी) आणि आयक्यू (विचारणा-उत्तर). 'आर' आणि 'ए' स्वतः मोजायचे नाहीत (नवखे हमखास इथे घसरतात). आकडा दोनच्या बत्तिसाव्या घाताला पोचला की पुन्हा शून्यावर. तो प्रसंग आयुष्यात कधी येणार नव्हता, तरी त्याचीही टेस्ट लिहिली होती. दोघांनी कोड रिव्ह्यू केला, एकही चूक निघाली नाही.

मग आमचे सीनियर म्हणाले, "याचं डॉक्युमेंट तू लिही, मोबाइलची टीम त्यावरून स्क्रीन करेल. तोवर बाकीचे कामाला लागतात." बाकीचे कामाला! मनात खट्टू झालो आणि त्याच तिरमिरीत एका दुपारी सगळं खरडून टाकलं. त्यात एक वाक्य होतं: सर्व्हरकडून 'ए' आला की संदेश डिलिव्हर्ड समजावा.

ते डॉक्युमेंट कोणी तपासलं नाही. अर्थात, ते कोड थोडंच होतं.

मोबाइलवाल्यांनी आणि वेबवाल्यांनी वाक्य वाचलं आणि 'ए' आला की दोन खुणा दाखवल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही. महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. एक म्हणतो पाठवलं, दोन खुणा दिसतायत. दुसरा म्हणतो मला आलंच नाही. आम्ही सर्व्हरचे लॉग उपसले, पॅकेट पकडून पाहिले, माझी मोजणी तीनदा तपासली. सगळं बरोबर. नऊ दिवस गेले.

शेवटी जे सापडलं ते असं. समोरच्या फोनचं कनेक्शन मेलेलं असायचं, पण टीसीपीला (खालच्या थरात डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलला) ते कळायला वेळ लागतो. सर्व्हर त्या मेलेल्या सॉकेटमध्ये संदेश लिहून मोकळा. समोरच्याकडे ॲपची जुनी आवृत्ती, तिच्यात ०१९८ सुरूच केलेलं नव्हतं, त्यामुळे आपण लिहिलेलं वाया गेलं हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. पाठवणाऱ्याला मात्र 'ए' केव्हाच मिळालेला. संदेश हरवतच होते, हा एक बग. पण ते हरवतायत हे लपवत होतं माझं वाक्य.

मग मी मूळ एक्सईपी पुन्हा उघडला. त्यात 'हँडल्ड' हा शब्द आहे आणि तो असाच सोडून दिलेला नाही, त्याची व्याख्या आहे: घेणाऱ्याने त्या संदेशाची जबाबदारी स्वीकारली. बस्स, एवढंच. तो पुढे पोचला असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. पोचल्याचं सांगायला वेगळा एक्सईपी आहे, ०१८४, आणि तिथला निरोप सर्व्हर देत नाही, समोरच्याचा क्लायंट देतो. कोणी तरी बसून 'हँडल्ड' आणि 'डिलिव्हर्ड' यांतलं अंतर शब्दांत पकडून ठेवलं होतं आणि मी ते एका दुपारीत मोडून टाकलं. गंमत म्हणजे मराठीत हा फरक शाळेपासून आपल्याला माहीत असतो. पोस्टाच्या खिडकीवर मिळते ती पावती. ज्याच्या नावाने पत्र पाठवलं त्याच्या सहीने परत येते ती पोच. मी मनातल्या मनात मराठीत विचार केला असता तरी वाचलो असतो.

पुढच्या मीटिंगमध्ये सीनियर म्हणाले, "बघा, डेव्हलपरला लिहायला बसवलं की असं होतं. त्याची किंमत तिथे नाही." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. माझ्या कोडला दोन रिव्ह्यूअर होते, वाक्याला एकही नव्हता. मोजणीतला बग एका लायब्ररीत राहिला असता. वाक्यातला बग अँड्रॉइड, आयओएस आणि वेब अशा तिन्ही टीमनी इमानेइतबारे उतरवून घेतला. वाक्य हाच तिथला सोर्स कोड होता, आणि कंपायलर होती माणसं. माणसं एरर देत नाहीत, समजून घेतात.

प्रोटोकॉलच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरं आहे. जेरेमी मिलर यांनी १९९८ मध्ये जॅबर, म्हणजे एक्सएमपीपीचं मूळ रूप, सुरू केलं, जानेवारी १९९९ मध्ये जाहीर केलं. त्या वेळचा मूळ सर्व्हर आज क्वचितच कोणी चालवत असेल. आजच्या सर्व्हरांपैकी ईजॅबरडी एरलँग भाषेत लिहिलेला, प्रोसडी लुआमध्ये, दोघांचा एकमेकांच्या कोडशी काडीचा संबंध नाही, तरी ते एकमेकांशी बोलतात. कशाच्या जोरावर? मजकुराच्या. २००४ चे आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ३९२० आणि ३९२१, मग २०११ मध्ये त्यांची जागा घेणारे ६१२० आणि ६१२१. यांच्यावर नाव आहे पीटर सेंट-आंद्रे यांचं. त्यांनी किती ओळी कोड लिहिला हे मी कधी कोणाला विचारताना ऐकलं नाही.

शब्दांचा काच किती असतो याचा आणखी एक नमुना. मस्ट, शुड, मे यांचा नेमका अर्थ सांगायला मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ निघाला. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, आरएफसी ८१७४ काढावा लागला. कशासाठी? तर हे शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तरच तो खास अर्थ लागू होतो, हे सांगायला. मराठीत तर आपली पंचाईत जास्तच. 'अर्जदाराने सही करावी' यातलं 'करावी' हुकूम असतं आणि 'सकाळी लवकर उठावं' यातलं 'उठावं' नुसता सल्ला. शुड म्हणजे यांतलं कुठलंच नाही. सबळ कारण असेल तर मोडता येतं, पण परिणाम पूर्ण समजून घेऊन. 'शुड म्हणजे ऐच्छिक' असं म्हणणाऱ्या डेव्हलपरने लिहिलेला क्लायंट मी वापरत नाही.

सुरुवात कुठून, हे राहिलंच. प्रोसडी स्वतःच्या मशीनवर चढवा, गजिम या क्लायंटमध्ये एक्सएमएल कन्सोल उघडा आणि लॉग-इन होताना काय काय जातं-येतं ते ६१२० शेजारी ठेवून वाचा. ५२२२ क्लायंटचा पोर्ट, ५२६९ सर्व्हर-सर्व्हरचा. मग ०१९८ आणि ०२८० (कार्बन्स, म्हणजे संदेशाची प्रत आपल्या बाकीच्या क्लायंटनाही) एकत्र चालू करून दोन क्लायंट लावा आणि एकाचं नेटवर्क मधेच तोडा. जिथे तुम्हाला एखादं वाक्य तीनदा वाचावं लागेल तिथे तुमचं पहिलं योगदान आहे. एक्सईपींचा मजकूर गिटमध्येच असतो, बदल कोडसारखाच पाठवायचा.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. यात पैसा बेताचाच आहे. गूगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपीवर आलं, पुढच्या वर्षी बाहेरच्या सर्व्हरांशीही बोलायला लागलं, आणि २०१३ मध्ये हँगआउट्स आणून कंपनीने ते दार हळूहळू लावून घेतलं. मोठ्यांना गरज असते तोवरच खुलेपणाचं प्रेम असतं, तेव्हा याच्या भरवशावर लगेच नोकरी सोडू नका. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये डॉक्युमेंटेशनचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो, तेही खरंच. आणि मी बोलतोय ते प्रोटोकॉलच्या मजकुराबद्दल. 'हे बटण दाबा, मग ते दाबा' छापाचं मॅन्युअल ही वेगळी विद्या आहे, ती मला येत नाही.

त्या प्रकल्पातले लोक 'आधी डॉक्युमेंटेशन' हे तुम्हाला कटवायला म्हणतायत की खरोखर गरज म्हणून, हे ओळखता येतं. पहिला बदल पाठवा आणि तो कोण तपासतं ते बघा. 'इथे शुड का, मस्ट का नाही' म्हणून तुमच्याशी चार दिवस भांडणारा कोणी भेटला तर तिथेच मुक्काम ठोका. 'छान, धन्यवाद' म्हणून दोन मिनिटांत मर्ज झालं, तर तिथला मजकूर कोणी वाचतच नाही. मग खुशाल कोडकडे वळा.