फोमचे डोंगर आणि रुळांखालची दरी : वाचकांची पत्रं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो, की माझी जुनी मॉडेल रेल्वे, म्हणजे टेबलावरची छोट्या गाडीची मांडणी, मोडताना प्लास्टरचा डोंगर फोडायला हातोडी लागली आणि नव्या रेल्वेतला फोमचा डोंगर मात्र मी साध्या सुरीने कापून काढला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक प्रश्न फोमबद्दलचे आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यालाच देतो.

प्रश्न : नवीन यंत्राच्या खोक्यातून भरपूर पांढरा थर्माकोल निघाला आहे. तो वापरला तर चालेल, की निळ्या-गुलाबी रंगाच्या कडक शीटच घ्यायला हव्यात?

चालेल, पण प्रत्येकाचं काम वेगळं. दोन्ही पॉलिस्टायरीनच. खोक्यातला पांढरा म्हणजे फुगवलेले मणी वाफेने एकमेकांना चिकटवून केलेला ठोकळा. कापला की मणी सुटतात. कडक शीट यंत्रातून सलग दाबून काढलेली असते, आतली छिद्रं बारीक आणि बंद. तिला धार चांगली घेता येते, कानस मारता येते, नदीचा काठ कोरता येतो.

पांढरा थर्माकोल मी डोंगराच्या पोटात घालतो, जिथे कुणाची नजर जाणार नाही आणि सुरीही फिरवावी लागणार नाही. वरचा दोन-तीन इंचाचा थर कडक शीटचा. एकदा आळस करून पूर्ण डोंगर पांढऱ्याचा केला. मण्यांवर स्थिर वीज बसते, त्यामुळे ते झाडूला, बाहीला, भुवयांना चिकटतात आणि शेवटी रुळांवर येतात. रुळांवरून इंजिनाच्या दातेरी चाकांत. ते इंजिन मी तीन वेळा उघडलं. तेव्हापासून कापकाम इंजिन बाहेर काढण्याआधी आणि व्हॅक्यूम क्लीनर हाताशी ठेवून.

वजनाचं विचाराल तर १.२ मीटर बाय ०.६ मीटरची, ५ सेंटीमीटर जाडीची कडक शीट सव्वा किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच मापाचा १२ मिलिमीटरचा प्लायवूड ५ किलोच्या पुढे जातो. त्यावर प्लास्टर चढवलं की काय होतं, ते शेवटच्या उत्तरात सांगतो.

प्रश्न : डोंगर छान कोरला, त्यावर डब्यातला करडा स्प्रे मारला आणि पाच मिनिटांत सगळीकडे खड्डे पडले. शीट खराब होती का?

शीट चांगली होती. स्प्रेमधला द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतो. नखावरचा रंग काढायचं ॲसिटोन, थिनर, बरेचसे उग्र वासाचे गोंद, सगळे हेच करतात. माझ्या हातून रंगापेक्षा गोंदाने जास्त नुकसान झालं आहे. चपलेला लावतात तो पिवळा गोंद लावून रात्री बोगद्याचं तोंड चिकटवलं आणि सकाळी बोगद्याला दुसरं तोंड फुटलेलं होतं, बाजूने.

आता नियम असा ठेवला आहे : नवीन काहीही आधी एका तुकड्यावर लावायचं आणि रात्रभर थांबायचं. फोमवर रंग पाण्यात विरघळणारा, म्हणजे ॲक्रिलिक. स्प्रेच हवा असेल तर आधी प्लास्टरचा किंवा पांढऱ्या गोंदाचा सलग थर द्या. सलग म्हणजे सलग, टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी द्रावक तिथून आत शिरतो आणि वरून दिसत नाही इतकं पोखरतो.

पडलेले खड्डे बुजवू नका. मातकट ॲक्रिलिक लावून बघा. झिजलेल्या खडकासारखं दिसलं तर कुणाला काही सांगायची गरज नाही.

याच पत्रात खाली एक ओळ आहे, की दोन शीटांमधला पांढरा गोंद आठवडा झाला तरी ओलाच आहे. तो महिनाभर ओला राहील. हा गोंद पाणी उडून गेलं की घट्ट होतो आणि फोम पाणी जाऊ देत नाही. कडेची दोन बोटं वाळतात, मधे दूधच राहतं. फोमला चालेल असं बाटलीवर लिहिलेला गोंद घ्या, पातळ थर द्या, वर पुस्तकांचं ओझं ठेवा. सांधे भरायचं ॲक्रिलिक सीलंटही चालतं, फक्त दाताळ्याने ओढून पसरा म्हणजे मधे हवेला वाट राहते.

प्रश्न : माझ्या मांडणीत तीन डोंगर, दोन बोगदे, शंभरेक झाडं आहेत. तरी ती खेळण्यासारखीच दिसते. काय चुकतंय?

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण सोबतच्या फोटोत माझीच पहिली मांडणी दिसली. सपाट फळी, तिच्यावर रूळ आणि रुळांच्या आजूबाजूला ठेवलेले डोंगर. टेबलावर टोप्या ठेवाव्यात तसे.

खरी जमीन रुळांच्या वरही असते आणि खालीही. गाडीच्या दारात उभं राहून बाहेर बघा. निम्मा वेळ तुम्ही खाली बघत असता : भरावावरून शेताकडे, मोरीतून जाणाऱ्या ओढ्याकडे, पुलावरून नदीकडे. फळीवर बांधणाऱ्याला खाली जाताच येत नाही, म्हणून तो वरच चढत राहतो. फोमचं खरं देणं मला हे वाटतं. हलकेपणा त्याच्या मागून येतो.

नवीन फळीवर आधी ५ ते १० सेंटीमीटर फोम सगळीकडे अंथरा आणि रूळ त्याच्या वर आखा. आता रुळांच्या खाली तुमच्याकडे जमीन आहे. एचओ या मॉडेलच्या मापामध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, १० सेंटीमीटर म्हणजे खऱ्या जगातले ८.७ मीटर. एन या त्याहून छोट्या मापात, १:१६०, तेच १६ मीटर होतात. यात चांगली खोल नदी मावते. तुम्ही बांधत नाही आहात, उकरत आहात, हे हाताला कळायला एक संध्याकाळ लागते. मला तर पहिला खड्डा घेताना चांगला फोम वाया घालवतोय असंच वाटत होतं.

उकरायचं कुठे? जमिनीला रूळ येण्याआधीपासून एक उतार होता असं धरा. पाणी कुठून कुठे जाईल ते मार्करने आखा, तीच नदी, तोच ओढा. रेल्वे त्या उताराला आडवी जाते. उंचवटा आला तिथे तिने खोदून वाट काढली, खळगा आला तिथे भराव घातला. प्रत्यक्षात इंजिनियर शक्य तिथे खोदाईतली माती पुढच्या भरावाला वापरतात, म्हणून खोदाई आणि भराव बऱ्याचदा शेजारी-शेजारी दिसतात. तुम्हीही तेच करा. खोदाईतून निघालेला फोमचा पट्टा उलटा करून भरावाला लावा. भरावाची बाजू उभी भिंत ठेवू नका. मातीचा भराव साधारण दोन आडवे, एक उभा अशा उताराने पसरतो. टेबलावर एवढी रुंदी परवडत नाही, तेव्हा दीडपर्यंत या, त्याहून उभं केलंत तर खाली दगडी भिंत दाखवा.

खडकासाठी सुरी बाजूला ठेवा आणि शीट हाताने मोडा. मोडलेल्या कडेला जो खडबडीतपणा येतो तो कोरून येत नाही. वरून तारेचा ब्रश एकाच दिशेने ओढा. एकावर एक ठेवलेल्या शीटांच्या आडव्या रेघा डोंगरावर पायऱ्यांसारख्या दिसतात, त्या आधी तिरक्या कापून टाका आणि मग पातळ प्लास्टर फासा. पहिला रंग नेहमी मातकट. पुढे कुठे ओरखडा गेला तर खालून निळं किंवा गुलाबी हाड दिसू नये.

नदीत पाणी दाखवायला रेझिन ओतणार असाल तर दोन गोष्टी. इपॉक्सी रेझिन घट्ट होताना तापतं आणि थर जाड असेल तर फोमला झेपणार नाही इतकं तापू शकतं, हा फोम साधारण ८० अंश सेल्सियसच्या पुढे आकार सोडतो. म्हणून २-३ मिलिमीटरचे थर, मधे प्रत्येक थर पूर्ण घट्ट होऊ द्या. दुसरं, रेझिन केसाएवढ्या फटीतून गळतं. नदीचा तळ प्लास्टरने आणि रंगाने आधी बंद करा. माझ्या नदीचा उगम टेबलावर आणि मुख गालिच्यावर होतं.

तुमचे तीन डोंगर मात्र राहू द्या. दोन तरी. तिसरा, बोगद्यावरचा, काढून टाका. बोगद्यासाठी डोंगर लागतो, डोंगरासाठी बोगदा नाही.

प्रश्न : गाडी गोल फिरून स्वतःच्याच रुळांवरून पुलाने जाईल अशी योजना आहे. वळणाची त्रिज्या ४५७ मिलिमीटर, प्रमाण एचओ. फोमचा चढ २ टक्क्यांचा घेतला आहे. पूल बसत नाही!

बसणार नाही. पूर्ण वेढ्याची लांबी सुमारे २.८७ मीटर, २ टक्क्यांनी उंची मिळते ५७ मिलिमीटर. एचओमध्ये खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या पोटापर्यंत ७५ तरी हवेत, वर पुलाची जाडी आणि रूळ धरून ८५ ते ९०. शिवाय सपाटीवरून चढाला लागताना चढ हळूहळू वाढवावा लागतो, नाहीतर डबे सुटतात.

३ टक्के केलंत तर ८६ मिळतात, पण अरुंद वळण स्वतःच गाडीला मागे ओढतं. चढ आणि वळण एकत्र आले की छोटं इंजिन चार डब्यांवर धापा टाकतं. मी वेढा लांबट करीन. दोन्ही बाजूंना ३० सेंटीमीटरचे सरळ तुकडे घातले की लांबी ३.४७ मीटर होते आणि अडीच टक्क्यांत ८७ मिलिमीटर मिळतात. पुलाचा तळ फोमचा ठेवू नका, तिथे पातळ पत्रा वापरा.

याचा खरा नमुना बघायचा तर कॅलिफोर्नियातला तेहाचापीचा वेढा, १८७६ साली बांधलेला. चढ साधारण २ टक्के, चढून जाते २३ मीटरच्या आसपास. तो १:८७ने मोजून मांडायचा तर वेढ्याचा व्यासच ४ मीटरच्या पुढे जातो. म्हणजे आपण सगळे थोडी चोरी करतोच, फक्त ती रुंदीत करायची, उंचीत नाही.

प्रश्न : मी तेरा वर्षांचा आहे. गरम तारेचं कटर घरी बनवता येईल का?

येईल, पण एकट्याने नाही. घरातल्या मोठ्या माणसाला आधी हे उत्तर वाचायला दे. तार नायक्रोमची, म्हणजे वीज गेली की तापणाऱ्या मिश्रधातूची, आणि वीज कमी व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरमधून. भिंतीतल्या प्लगची वीज तारेला थेट जोडायची नाही, कधीच नाही. तार लाल व्हायला नको. लाल झाली म्हणजे फोम जळतो, धूर येतो आणि कापही ओबडधोबड होतो. हाताने हळू पुढे सरकव, तार वाकायला लागली तर तू घाई करतोयस. खिडक्या उघड्या ठेव, शक्य असेल तर गच्चीत काम कर, कारण वितळणाऱ्या पॉलिस्टायरीनची वाफ नाकात जायला नको.

आणि एक पक्कं लक्षात ठेव : गादीतला किंवा डब्यातून फुगून बाहेर येतो तो पिवळसर फोम पॉलियुरेथेनचा असतो. त्याला गरम तार लावायची नाही, त्याचा धूर विषारी असतो. तो सुरीनेच कापायचा. खरं सांगू का, तू पहिला डोंगर सुरीनेच काप. लांब पात्याचं कटर, पातं नवीन, आणि धरलेला हात पात्याच्या वाटेत नाही.

प्रश्न : फोमवर गाडी फार आवाज करते.

फोम ढोलासारखा वाजतो. रुळांखाली कॉर्क किंवा मऊ पट्टी घाला आणि ती ॲक्रिलिक सीलंटने चिकटवा, ते वाळूनही थोडं मऊ राहतं. खडीवर पातळ केलेला पांढरा गोंद टाकला की रूळ, खडी, फोम सगळं एक दगड होतं आणि आवाज परत येतो. म्हणून खडी रुळांच्या कडेपासून फोमच्या उघड्या भागापर्यंत सलग जोडू नका. गोंद टाकण्याआधी भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी फवारा, नाहीतर गोंदाचे थेंब खडीवर गोळे होऊन बसतात.

प्रश्न : सांधा बदलण्याची मोटर फोममध्ये स्क्रूने बसत नाही.

फोम स्क्रू धरत नाही. तेवढ्या जागी फोम कापून लाकडाचा ठोकळा बसवा. हे रूळ टाकण्याआधी करा, मी नंतर केलं होतं. रुळांना डाख देतानाही सोल्डरिंग आयर्न फोमवर क्षणभर टेकवू नका, शेजारी ओला फडका ठेवा. हा फोम पेट घेतो आणि काळा धूर सोडतो, तेव्हा तापलेलं आयर्न तसंच ठेवून खोलीबाहेर जायचं नाही.

प्रश्न : फोम इतका कडक आहे तर खाली लाकडी चौकट हवीच का?

हवी. लांब फोम मधे वाकतो आणि त्याच्या कडा कोपराने दबतात. चारी बाजूंना लाकडी पट्टी, मधे दोन आडव्या, पुरे. तुकडे असे करा की एक माणूस एक तुकडा उचलू शकेल. आणि चौकट ठोकण्याआधी खोलीच्या दाराची रुंदी मोजा. माझी प्लायवूड-प्लास्टरची मांडणी पूर्ण झाली तेव्हा ती चौघांनी उचलली, पण दारातून गेली नाही. हातोडी आणली होती ती त्यासाठी.