सही केली तेव्हा डोकं ठिकाणावर होतं का?

प्रश्न : माझे मिस्टर मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितात. दोन महिने होत आले, सकाळी सायकलवरून कामाला निघाले होते. रस्त्याकडेला उभ्या मोटारीचं दार चालवणाऱ्याने मागे न बघता उघडलं, हे त्यावर आदळून डोक्यावर पडले. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले कन्कशन, मेंदूला हादरा बसलाय. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्याआधी, अपघाताच्याच संध्याकाळी, मोटारवाल्याने दवाखान्यात दहा हजार रुपये देऊन ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर यांची सही घेतली. अजून डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, बेरीज चुकते. काम बंद, पगार बंद. आता काही करता येईल का? (एक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, करता येईल. तुमची खरी धास्ती त्या कागदाची दिसते, म्हणून आधी त्याचंच बोलू.

करार कायदा 1872, कलम 12 : सही करताना माणसाला त्या कागदाचा अर्थ आणि त्यातलं आपलं हित-अहित कळत असलं पाहिजे. मिस्टरांना ते कळत नव्हतं, हे मात्र आपल्याला दाखवावं लागेल. म्हणून दवाखान्यातून नुसतं डिस्चार्ज कार्ड नको, सगळे केसपेपर मागा. त्या संध्याकाळच्या नर्सच्या नोंदींसकट. ‘वार सांगता येत नाही’, ‘तेच तेच विचारतात’ अशी एखादी ओळ त्यात सापडली, तर माझ्या तासाभराच्या युक्तिवादापेक्षा ती भारी पडेल. शिवाय ‘तक्रार नाही’ म्हणजे ‘भरपाईचा हक्क सोडला’ असं होत नाही. दहा हजार मात्र लपवू नका. भरपाईतून वजा होतील, एवढंच.

मोटारीच्या विमा कंपनीचे वकील ‘सीटी नॉर्मल’ हे शब्द दहादा वाचून दाखवतील. सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूचं कामकाज, ते फोटोत येत नाही. आपला पुरावा बुडालेल्या दिवसांचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार ज्या दुखापतीने माणूस 15 दिवस रोजचे व्यवहार करू शकत नाही, ती ‘गंभीर दुखापत’. जुन्या दंड संहितेत हेच 20 दिवस होते. त्यामुळे विश्रांतीचा सल्ला डॉक्टरांकडून तारखांसह लेखी घ्या, अडत्याकडून हजेरी आणि पगाराचं पत्र घ्या. आणि तुम्ही स्वतः वहीत लिहीत चला : आज किती वेळ झोपले, कुठली बेरीज चुकली, पोरांच्या आवाजाने कधी चिडले. कायमच्या अपंगत्वाची भाषा आत्ताच नको. बहुतेक जण यातून बरे होतात, काहींना महिने लागतात. दुखणं राहिलंच, तर तो पुरावा दावा चालू असताना देता येतो.

‘गाडी तर उभी होती’ असंही म्हणतील, कारण भरपाई वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघाताला मिळते. पुणे-बंगळूर महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरच्या स्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय की गाडी हलत नसली तरी तो ‘वाहनाचा वापर’ असू शकतो.

घाई आहे ती मुदतीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज गेला पाहिजे. आपल्याकडे तो कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात. दोन महिने तर गेलेच. पोलिसांत लेखी तक्रार याच आठवड्यात द्या. उशीर का झाला ते सरळ लिहा. केवळ एफआयआर उशिरा झाली म्हणून खऱ्या जखमीचा दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटलंय. ठाण्यात दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

विमा कंपनीचा माणूस तडजोडीचा फॉर्म घेऊन घरी आला, तर चहा पाजा, सही नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 ची, चूक कोणाची हे न बघता मिळणारी ठरीव रक्कम (गंभीर दुखापतीला अडीच लाख) कंपनीकडून तडजोडीत स्वीकारली की न्यायाधिकरणातला अर्ज संपतो. उपचार, बुडालेला पगार, वेदना असं सगळं धरून जास्त बसतं का, ते आधी मोजू.

आणि सायकल अजून दुरुस्तीला टाकली नसेल तर तशीच ठेवा. वाकलेल्या हँडलचे फोटो काढून घ्या.