वाहन सल्ला : पाच स्टार आणि समोरचा टिप्पर

प्रश्न : डिचोलीहून पणजीला रोज जातो. भारत एनकॅप या सरकारी धडक-चाचणीत पाच स्टार मिळालेली, साधारण हजार किलोची गाडी घेतोय. वाटेत खनिजाचे टिप्पर असतात. त्यांच्यापुढे हे स्टार कितपत कामाचे?

उत्तर : टिप्परपुढे फारसे नाहीत. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी 64 किमीने, पुढच्या रुंदीच्या फक्त 40 टक्के भागावर, चेपणाऱ्या अडथळ्यावर आपटवतात. म्हणजे साधारण आपल्याच वजनाची गाडी समोरून आल्यासारखे. त्यामुळे छोट्या गाडीचे पाच आणि दोन टनी एसयूव्हीचे पाच एका तराजूत तोलू नयेत.

हिशेब करून बघा. तुम्ही 50 ने, समोरून 15 टनांचा भरलेला टिप्पर 30 ने. दोन्ही एकमेकांत अडकले तर टिप्परचा वेग 30 वरून 25 वर येतो, बस्स. तुमची गाडी मात्र त्याच 25 ने उलट दिशेला ढकलली जाते. वेगात 75 चा फरक. शिवाय टिप्परचा बंपर उंच. तुमचे चेपणारे बॉनेट त्याच्याखाली घुसते आणि मार थेट काचेवर येतो.

तरीही पाच स्टारवालीच घ्या. जूनच्या पहिल्या पावसात गाडी घसरून माडावर किंवा विजेच्या खांबावर आडवी जाते, तेव्हा बाजूच्या पडदा एअरबॅग डोके वाचवतात. ही खांबाची चाचणी 29 च्या वेगाने होते, हे मात्र ध्यानात असू द्या. घसरणे रोखणारे ईएससीही तीन स्टारपासून पुढे सक्तीचे आहे. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर बाजारातले जाड सीट कव्हर चढवू नका, ती उघडताना अडते.

प्रश्न : मडगावहून सहकुटुंब फिरतो. गाडी पाच स्टारची, मग मागच्यांनी पट्टा लावायलाच हवा का?

उत्तर : हवाच, आणि कायदाही तेच सांगतो. 2023 पासूनच्या या चाचणीत समोरच्या धडकेवेळी मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे असतात, तेही बालआसनात बांधलेले. मोठ्यांचे पुतळे पुढच्या सीटवर, पट्ट्यात. मागे मोकळी बसलेली आजी त्या परीक्षेत नाहीच! धडकेत ती पुढच्या सीटच्या पाठीवर आदळते आणि पुढचा माणूस पट्टा लावूनही चिरडतो. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसवा. वरचा भाग खांद्याच्या मधोमध. चोर्ला घाटात सीट आडवी करून झोपणाऱ्याच्या अंगावरून तो सरकतो.