स्पंजी, 'हिमहॉकी' आणि आपली गार

प्रश्न असा आलाय: "माझा भाचा कॅनडात विनिपेगला असतो. थंडीत तिथे तो 'स्पॉन्जी' खेळतो म्हणे, म्हणजे आइस हॉकीच पण स्केट्स न घालता. हे नाव त्यांच्या स्पॉन्जच्या बुटांवरून पडलंय का? आणि मराठीत 'बिनस्केटची हिमहॉकी' म्हटलं तर चालेल का?"

आधी ते 'स्पॉन्ज' सोडा हो. स्पेलिंगमध्ये ओ दिसला की ऑ लावायचा ही नवीनच खोड लागलीय लोकांना. पाटी पुसायला दप्तरात ओला स्पंज घेऊन जायचो तेव्हा कुणाला स्पेलिंग येत होतं, आणि उच्चार मात्र बरोबर होता. स्पंज. म्हणून स्पंजी.

बुटांचा संबंध नाही. नाव पडलंय त्या चकतीवरून, जिला ते पक म्हणतात. नेहमीच्या आइस हॉकीतला पक कडक रबराचा, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन 156 ते 170 ग्रॅम, आणि वर तो सामन्याआधी गोठवून ठेवतात, उसळू नये म्हणून. असला पक नडगीवर बसला तर माणूस आठवडाभर लंगडेल. स्पंजीतला पक मऊ, स्पंजसारख्या रबराचा, त्यामुळे अंगावर चिलखत चढवायची गरज बरीच कमी होते, स्केट्स नाहीत म्हणून स्केटिंग न येणाराही उतरू शकतो, आणि वस्तीतल्या उघड्या रिंकवर, म्हणजे गोठवलेल्या मैदानावर, ऑफिस सुटल्यावर बायका-पुरुष मिळून खेळतात. बूट घालून बर्फावर पळायचं, म्हणजे निम्मा वेळ पळणं आणि निम्मा वेळ घसरणं. हा खेळ जवळपास फक्त विनिपेगचाच, खुद्द कॅनडातही बाहेर सांगायला गेलात तर समजावून सांगावं लागतं. (आणि हो, ब्रूमबॉल वेगळा. तोही स्केट्सशिवायच, पण त्यात चेंडू असतो आणि झाडूवरून आलेली काठी. दोन्हींची खिचडी करू नका. पकला चेंडू म्हणणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.)

आता शेवटचा 'ई'. इंग्रजीत त्याच्या शेवटी वाय नाही, दोन ई आहेत, कारण वाय लावलं तर ते नुसतं 'पिचपिचीत' असं विशेषण होतं. एकांनी मला ठासून सांगितलं की हा ट्रेनी, एम्प्लॉयी मधला ई आहे. अहो, तो फ्रेंच कायद्याच्या भाषेतून आलेला ई, ज्याच्यावर काहीतरी केलं जातं त्याला लागतो. मग स्पंजी म्हणजे काय, ज्याला पुसलं तो? हा साधा लाडाचा ई आहे. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे तो आहेच की, डबा-डबी, खुंटा-खुंटी, सुरा-सुरी, तसं स्पंज-स्पंजी. लिंगाचीही अडचण नाही, ती हॉकी तशी ती स्पंजी. भाषांतर कशाला हवंय? शब्द आला तोच घरचे कपडे घालून आला.

पण माझं खरं दुखणं 'हिमहॉकी' आहे. हे मी कितव्यांदा वाचतोय देव जाणे. हिम म्हणजे स्नो, आकाशातून भुरभुर पडतं ते. संस्कृतात हिम म्हणजे थंडी, हिवाळासुद्धा, त्यावरूनच हेमंत, आणि आपला हिवाळा आणि हीव पण तिथलेच. लॅटिनमधला हिएम्स म्हणजे हिवाळा, रशियनमधला झिमा म्हणजे हिवाळा, फारसीतला झमिस्तान म्हणजे हिवाळा, सगळी एकाच आईची लेकरं. पण यात कुठेही ते टणक, गुळगुळीत, काचेसारखं गोठलेलं पाणी नाही. विनिपेगला हिम पडलं की लोक आधी फावडं घेऊन ते रिंकवरून काढतात, मगच खेळतात! म्हणजे जे उपसून बाहेर टाकायचं त्याचंच नाव खेळाला दिलंत.

मग कुणी म्हणेल 'बर्फहॉकी' म्हणा. तेही गोंधळाचंच. बर्फ हा फारसी शब्द आणि फारसीत बर्फ म्हणजे स्नोच. पारश्यांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, वफ्र, मधल्या काळात वफर, मग अक्षरांची अदलाबदल होऊन बर्फ. गोठलेल्या लादीला ते यख म्हणतात, म्हणून इराणात आजही फ्रीजला यखचाल, बर्फाचा खड्डा. बर्फी हे नावही त्याच बर्फावरून. आपण मात्र बर्फ घेतला आणि लादीवर चिकटवला, कारण महाराष्ट्रात स्नो बघितलाय कुणी? 1833 साली बॉस्टनहून जहाजात भरून गोठलेल्या तळ्याच्या लाद्या कलकत्त्याला आल्या, मग मुंबईलाही येऊ लागल्या. मुंबईकराने जे थंडगार पहिल्यांदा हातात धरलं ते लादी होतं, आणि शब्द हाताशी होता बर्फ. असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

पण मग मराठीत आइसला स्वतःचा शब्दच नाही का? आहे!! रोज तोंडात आहे. गार. आकाशातून पडते ती गार, गारांचा पाऊस, गारपीट. कडक, गोल, चमकणारं, गोठलेलं पाणी, अगदी आइसच. आणि आता खरी मजा बघा. गार म्हणजे दगडसुद्धा. तो पांढरा चकचकीत कठीण दगड, जो पोलादावर घासला की ठिणगी पडते, गारगोटी. कोल्हापूर जिल्ह्यात त्या नावाचं गावच आहे, आणि सिन्नरला खनिजांचं संग्रहालय आहे त्याचंही नाव गारगोटी. म्हणजे एकाच शब्दात गोठलेलं पाणी आणि पांढरा स्फटिकासारखा दगड दोन्ही. आता ग्रीकमध्ये जा. क्रिस्टालोस. जुना कवी होमर, त्याच्यात याचा अर्थ नुसता बर्फ, थंडीच्या रात्री सैनिकांच्या ढालींवर साचतो तो. पुढे त्याच शब्दाचा अर्थ झाला स्फटिक, क्वार्ट्झ, आणि रोमन लेखक प्लिनी तर सरळ लिहून गेला की स्फटिक म्हणजे अतिशय थंडीने घट्ट गोठलेलं पाणी. चूक होती, पण कसली सुंदर चूक! आणि तीच चूक, किंवा तेच बघणं म्हणा, आमच्या घाटावरच्या शेतकऱ्याने ग्रीकचा ग न माहीत असताना केलं. तिकडे बर्फाचा दगड झाला, माझ्या मते इकडे दगडाचा बर्फ, आणि मग त्या गारेसारखं जे जे थंड ते गार. गार पाणी, गारवा, गारठा, आणि उन्हाळ्यात गाडीवाला ओरडत यायचा ते गारेगार.

यावर एका जाणकारांनी मला परिसंवादात सुनावलं होतं की थंड तो गार आणि दगड ती गार हे दोन वेगळे शब्द, ध्वनी सारखा म्हणून नातं जोडू नका. बरं. मग गारपिटीतली गार कुणाची, थंडीची की दगडाची? ती तर दोन्हीकडे बोट धरून उभी आहे. यावर साहेब म्हणाले, "मग चिखलमातीचा गारा पण जोडा त्यात." नाही जोडणार, तो बांधकामावरचा गारा हिंदीतही आहे, त्याची वाट वेगळी. (तसं विनिपेगला तोही शोभेल म्हणा. तिकडच्या मूळच्या क्री लोकांच्या भाषेत त्या नावाचा अर्थच गढूळ पाणी. थंडीत गार, बर्फ वितळला की गारा.)

तर हिमहॉकी नको, बर्फहॉकी नाइलाजाने, आणि मला विचाराल तर गारहॉकी. हसू येतंय ना, येऊ दे, 'चित्रपट' या शब्दालाही हसले असतील.

अरे हो, भाचा. त्याच्या खेळाला स्पंजीच म्हणा. आणि त्याला विचारा, उणे वीसमध्ये तो मऊ पक कितपत मऊ राहतो, मला खरंच कुतूहल आहे.