४०० मेगाहर्ट्झवर अडकलेला लॅपटॉप

प्रश्न : माझा लॅपटॉप आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसरचा, त्यावर लिनक्स. एका व्हिडिओत बघून ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘इंटेल_पीस्टेट=डिसेबल’ टाकलं, म्हणजे प्रोसेसरचा वेग सांभाळणारा इंटेलचा ड्रायव्हर बंद केला. जुना एसीपीआय-सीपीयूफ्रेक ड्रायव्हर चालू झाला, पण तेव्हापासून स्पीड ४०० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. बॅटरी टिकावी म्हणून लॉगिनला ‘पॉवरसेव्ह’ हा गव्हर्नर (वेग किती ठेवायचा हे ठरवणारं धोरण) लावणारी स्क्रिप्ट आधीपासून आहे, तिने कधी त्रास दिला नव्हता. दोन्ही ड्रायव्हर एकत्र चालवता येतील का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही चालवता येणार. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एका वेळी एकाच फ्रिक्वेन्सी ड्रायव्हरची नोंद करून घेतो. आधी आलेल्याने जागा धरली की नंतरच्याला आल्या पावली परत जावं लागतं. कोण आधी सुरू होणार हे कर्नल बांधताना ड्रायव्हर कोणत्या क्रमाने जोडले यावरही ठरतं, तशी सूचनाच त्या बांधणीच्या मेकफाइलमध्ये लिहून ठेवली आहे.

पण तुमचं दुखणं वेगळं आहे. माझा संशय त्या गरीब बिचाऱ्या स्क्रिप्टवर. इंटेल_पीस्टेट अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये (वेग ड्रायव्हर आणि चिप स्वतःच ठरवतात) असताना ‘पॉवरसेव्ह’ लावलं तरी काम वाढलं की वेग वाढतो. एसीपीआय-सीपीयूफ्रेककडे ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे सगळ्यात खालचा वेग, विषय संपला. तुमच्या चिपचा तळ ४००च आहे.

खात्री करायची तर सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या /sys फोल्डरात) सीपीयू०च्या सीपीयूफ्रेक फोल्डरात ‘स्केलिंग_ड्रायव्हर’ आणि ‘स्केलिंग_गव्हर्नर’ या दोन फाइली ‘कॅट’ कमांडने उघडून बघा. तिथेच उपलब्ध फ्रिक्वेन्सींची यादी असते. आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात. तिच्यात सगळ्यात वर एक आकडा त्याच्या पुढच्यापेक्षा १००० ने जास्त दिसेल, उदाहरणार्थ १६००००० च्या आधी १६०१०००. हा वरचा एक मेगाहर्ट्झ म्हणजे टर्बोची (गरजेला मूळ वेगाच्या वर जाण्याची) खूण. प्रत्यक्षात चिप ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाते.

आता उपाय. ग्रबमधलं ते कलम काढा, ग्रब अपडेट करा, मशीन रीस्टार्ट करा. कामाप्रमाणे वेग वरखाली करणारा ‘ऑनडिमांड’ किंवा ‘शेडयुटिल’ गव्हर्नरच हवा असेल तर ‘डिसेबल’ऐवजी ‘पॅसिव्ह’ लिहा. मग ड्रायव्हर इंटेलचाच राहतो, नाव मात्र ‘इंटेल_सीपीयूफ्रेक’ दिसतं, आणि नेहमीचे गव्हर्नर मिळतात. व्हिडिओवाले हा मधला रस्ता का सांगत नाहीत, देव जाणे! फक्त पॅसिव्हमध्येही ‘पॉवरसेव्ह’ तळालाच बसवतो, तेव्हा स्क्रिप्टमधली ती ओळ आधी उडवा.

आणि टीएलपी व पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हे वीज वाचवणारे प्रोग्रॅम दोन्ही इन्स्टॉल असतील तर एकच ठेवा. दोघेही त्याच सेटिंगमध्ये हात घालतात.